निजलेल्या मारुतीच्या गावाहून समुद्राकडे

जामसांवलीचा मारुती निजलेला आहे. ज्याची मूर्ती आपण सर्वत्र एक तर हात जोडून उभी किंवा तळहातावर द्रोणागिरी तोलून झेपावणारी अशी पाहतो, ज्याने शतयोजन समुद्र एका उड्डाणात उल्लंघिला असे रामकथा सांगते, तो वायुपुत्र सौंसर तहसिलीतील या लहानशा गावी, जाम आणि सर्पा या नद्यांच्या सान्निध्यात, पिंपळाच्या तळाशी आडवा विसावला आहे. आणि त्याच्या नाभीपाशी पाझरणारे पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत घेण्यासाठी नागपूर, छिंदवाडा, बैतूल, अमरावती अशा चहूंकडच्या मुलुखांतून मंगळवारी आणि शनिवारी माणसांची रीघ लागते. व्याधिग्रस्त येतात, मनाने खचलेले येतात, त्यांना धरून आणणारे आप्त येतात. या सगळ्यांच्या मधून, हातांवरचा मेंदीचा रंग अजून उतरलेला नाही अशी नवविवाहित जोडपीही येतात, आणि काही न मागता घटकाभर पाराजवळ बसून जातात.

माझ्या भाचीचे लग्न येत्या मार्गशीर्षात आहे. ताईचे घर याच तहसिलीत आणि मुलाकडची मंडळीही सौंसरच्या बाजूची, संत्र्याच्या बागा असलेली. पांढुर्ण्याची गोटमार आटोपल्यानंतरच्या शनिवारी आम्ही सारे दर्शनाला म्हणून जमलो होतो. दर्शन झाल्यावर भाचीने पिशवीतून एक छापील कागद काढून माझ्यापुढे ठेवला. नागपूरच्या एका प्रवासी कंपनीने तयार केलेला तो मधुचंद्राच्या सहलीचा तारीखवार तपशील होता : नऊ दिवस, सात ठिकाणे, दर दुसऱ्या पहाटे सामान बांधून प्रयाण, एका बेटावर चार तास, दुसऱ्यावर अडीच. तिच्या हातात पेन्सिल होती. तिने एकेका ओळीखाली रेघ ओढत कागद शेवटपर्यंत वाचला, मग पेन्सिल कागदावर आडवी ठेवली आणि म्हणाली, “मामाजी, एवढं सारं पायलं त मंग बसाचं केव्हा?”

त्या एका प्रश्नापाशी आम्ही दीड महिना थांबलो. या लेखाचा विषय म्हणजे त्या दीड महिन्यात, एका साध्या घरातल्या दोन तरुण माणसांसाठी, बेटे आणि मुख्य भूमी यांचा मिळून जो निवांत प्रवास आम्ही आखला, त्याची कैफियत.

प्रथम हे सांगितले पाहिजे की आमच्या या सरहद्दीवरच्या मुलुखात नवदांपत्याला स्वतःचा असा काळ देण्याची रीत फार जुनी नाही. मधुचंद्र हा शब्दच आपल्या भाषेत अलीकडचा. लग्नानंतरचा पहिला प्रवास म्हणजे कुलदैवताचे दर्शन, कोणाचा माहूरला, कोणाचा येथेच जामसांवलीला. त्यानंतर सासर-माहेरच्या फेऱ्या, पहिली संक्रांत, हलव्याचे दागिने. आणि या सर्वांत वधूवर हे कायम दहा माणसांच्या मध्ये. त्या रीतीत माया होती, हे मी नाकारीत नाही. पण ज्या जाम नदीच्या काठी आम्ही बसलो होतो, त्याच नदीची पांढुर्ण्यातली कथा मला त्या दिवशी राहून राहून आठवत होती. पांढुर्ण्याचा मुलगा आणि पैलतीरच्या सावरगावची मुलगी एकमेकांवर जीव जडून पळून निघाली, नदीच्या पात्रात आली आणि दोन्ही तीरांवरून झालेल्या दगडांच्या वर्षावात मेली, अशी ती आख्यायिका. तिच्या स्मरणार्थ म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पात्रात पळसाचा झेंडा रोवतात, दोन्ही गावे एकमेकांवर दगड फेकतात आणि दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. पावसाळा सरल्यावर जी नदी पोर सहज ओलांडील, तेवढे पाणी ओलांडण्याचा अवकाशही ज्या दोघांना मिळाला नाही, त्यांच्या नदीकाठच्या मुलीने निर्वेधपणे एक समुद्र ओलांडून यावे, ही माझी या प्रवासामागची मनापासूनची इच्छा आहे.

आणि त्या नदीचे पाणी समुद्राकडेच जाते. जाम कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेशी मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. नागपूरहून चेन्नईकडे जाणारी आगगाडीदेखील काहीशी याच पाण्याच्या संगतीने दक्षिणेला उतरते : सेवाग्राम, चंद्रपूर, बल्लारशाह, मग गोदावरीवरचा पूल, वरंगळ, आणि विजयवाड्याला कृष्णा. म्हणून नागपूरहून थेट विमानाने जावे ही सूचना भाचीने पहिल्याच बैठकीत बाजूला सारली. आपले पाणी जेथवर जाते तेथवर जमिनीवरून जावे, असे तिचे म्हणणे पडले आणि ते मला पूर्णपणे पटले.

काळ ठरविणे हे स्थळ ठरविण्याहून कठीण निघाले. संत्र्याच्या घरात सवड कॅलेंडर देत नाही, बाग देते. आंबिया बहराची फळे डिसेंबरपर्यंत उतरतात. त्यानंतर झाडांचे पाणी तोडून बाग ताणावर सोडतात, पाने मलूल होऊन गळू लागतात, आणि जानेवारीच्या मध्याच्या सुमारास हलके पाणी देऊन ताण तोडला की फांद्या पांढऱ्या फुलांनी भरून येतात. अनभिज्ञ माणसाला ताणावरची बाग वाळत चालली आहे असे वाटते. जाणत्याला ठाऊक असते की ही विश्रांती मिळाली नाही तर झाड फुलावर येत नाही. मुलाच्या मनात ताण तोडण्याच्या पाण्याचीच काळजी होती. त्याचे वडील बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, “पान्याचं मी पायतो. तुमी जा.” या एका वाक्याने जानेवारीचा उत्तरार्ध मोकळा झाला.

तो काळ हवामानाच्या दृष्टीनेही उत्तम. ईशान्य मोसमी वारे अंदमानावर डिसेंबरपर्यंत पाऊस आणीत असतात. जानेवारीपासून आकाश निवळते, समुद्र शांत होतो. संक्रांत घरी व्हावी हा ताईचा आग्रह, पोंगलच्या गर्दीत चेन्नईत पाय ठेवू नये हा माझा. दोन्ही राखून पंचांग उघडले तेव्हा पौषी अमावास्या १८ जानेवारी २०२६ ला येत होती. म्हणजे सोमवार, १९ जानेवारी ही माघ शुद्ध प्रतिपदा. चंद्राची पहिली कोर घेऊन निघावे आणि ती रोज थोडी वाढताना परक्या आकाशात पाहावी, यापेक्षा मधुचंद्र या शब्दाचा सरळ अर्थ दुसरा कोणता असेल?

आता बेटांकडे येतो. लक्षद्वीपचा विचार झाला. परंतु तेथे भारतीय नागरिकालाही प्रवेशपरवाना लागतो, आणि त्याची तजवीज व जाण्यायेण्याच्या तारखा आमच्या मुदतीत बसेनात. अंदमानला मुख्य पर्यटनस्थळांपुरता आपल्याला असा परवाना लागत नाही. पण अंदमानच्या निवडीमागे परवान्याहून मोठे कारण होते. त्या द्वीपसमूहाच्या नावाची जी व्युत्पत्ती सांगितली जाते, ती अशी की मलय दर्यावर्दी हनुमंताला ‘हंदुमान’ म्हणत आणि त्यावरूनच हे नाव पडले. भाषाशास्त्र या व्युत्पत्तीला किती मान देईल हा प्रश्न वेगळा. जामसांवलीच्या पारावर ती ऐकताच ताईने दोन्ही हात जोडले आणि स्थळाचा निर्णय त्या क्षणी झाला.

चेन्नईहून श्री विजयपुरमला, म्हणजे २०२४ पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरला, जहाजही जाते. सुमारे बाराशे किलोमीटरचे अंतर, दोन-अडीच दिवसांची समुद्रयात्रा. भाचीला ते फार हवे होते आणि मलाही तिच्यासाठी हवे होते. परंतु या सरकारी जहाजांच्या तारखा फार आधी जाहीर होत नाहीत आणि महिन्यात फेऱ्या मोजक्याच. ज्यावर पुढचे सारे मुक्काम अवलंबून, तोच खांब हलता ठेवणे योग्य नव्हे. म्हणून चेन्नईत एक रात्र विश्रांती घेऊन सव्वादोन तासांचे विमान. हा एक तुकडा मला आजही उतावळा वाटतो. जहाजाची हौस बेटाबेटांमधल्या बोटींवर भागवायची, असे ठरले.

श्री विजयपुरमला दोन रात्री. तेथे सेल्युलर जेल पाहावा की नाही यावर घरात खरा मतभेद झाला. “शुभकार्य झाल्यावर तुरुंग कशाले पायता?” असे ताई म्हणाली, आणि तिच्या म्हणण्यात काही गैर नव्हते. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत उभारलेली ती इमारत मध्यवर्ती मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात शाखांनी पसरलेली होती. आज त्यांतील तीन उभ्या आहेत. रचना अशी की एका शाखेतील कोठडीच्या दारासमोर दुसऱ्या शाखेची पाठ यावी, म्हणजे माणसाला माणसाचे तोंड दिसू नये. विनायक दामोदर सावरकर ४ जुलै १९११ रोजी तेथे पोहोचले; त्यांचे ज्येष्ठ बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून तेथेच होते, आणि एका भिंतीआड असूनही बराच काळ दोघे भाऊ एकमेकांना भेटू शकले नाहीत. भाचीने आईला दिलेले उत्तर मी तसेच नोंदवितो : “आई, जिथं मानसाले मानूस दिसू देत नव्हते, ते आमी दोघानं संगं पायलं पायजे.” यावर ताई काही बोलली नाही. मुक्काम कायम राहिला.

२०२६ ची २३ जानेवारी ही वसंतपंचमी आणि नेताजी सुभाषचंद्र बोस यांची जयंतीही. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी याच बेटांवर तिरंगा फडकविला, आणि त्या घटनेच्या पंचाहत्तराव्या वर्षी, २०१८ साली, हॅवलॉकला स्वराज द्वीप, नीलला शहीद द्वीप आणि रॉसला नेताजींचे नाव देण्यात आले. २३ जानेवारीला सकाळच्या बोटीने दोघे स्वराज द्वीपाला जातील. तेथील वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची. सर्वस्व गमावून आलेल्या त्या माणसांनी जंगल तोडून नारळ, सुपारी, केळी लावल्या आणि आपल्या गावांना गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर अशी नावे दिली. वसंतपंचमीला बंगाली माणूस सरस्वतीची पूजा करतो. कोणत्याही सहलीच्या छापील कागदावर न सापडणारा हा योग निव्वळ तिथी पाहून बसल्यामुळे हाती आला, याचा मला फार आनंद आहे.

स्वराज द्वीपावर चार रात्री, एकाच ठिकाणी. कंपनीच्या कागदात येथे एक रात्र होती. चार रात्री कशासाठी, असे मुलाच्या एका मित्राने विचारले. किनारा दोनदा पाहून होतो, असे त्याचे म्हणणे. त्याला मी इतकेच सांगितले की पहिल्या दिवशी माणूस किनारा पाहतो, दुसऱ्या दिवशी फोटो काढतो, तिसऱ्या दिवशी त्याला भरती-ओहोटीची वेळ कळू लागते आणि चौथ्या दिवशी तो तेथे राहतो. राधानगरचा किनारा पश्चिमाभिमुख आहे, काला पत्थरचा पूर्वेकडे. दोन्हींमध्ये काही कोसांचेच अंतर. एक गोष्ट मात्र आधी ठाऊक असावी. ही बेटे आपल्या फार पूर्वेस, पण घड्याळ आपलेच. त्यामुळे जानेवारीअखेर आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळत असता तेथे सव्वापाचच्या आसपासच अस्त होतो. दुपारचे जेवण लांबवून उशिरा निघणारा माणूस राधानगरला अंधारात पोहोचतो. पहाटे लवकर उठणारी शेतकऱ्याची पोरे मात्र या घड्याळाशी सहज जुळवून घेतील.

तेथून २७ तारखेला शहीद द्वीप, पुन्हा चार रात्री. हे बेट लहान. सायकलवर निवांत फिरून होते. आणि त्याच्या गावांची नावे पाहा : रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. ज्यांचा देश तुटला त्यांनी नव्या भूमीवर पहिले काय नेले, तर रामायण. सीतापूरचा किनारा उगवतीचा, लक्ष्मणपूरचा मावळतीचा. लक्ष्मणपूरपाशी प्रवाळखडकाची एक नैसर्गिक कमान आहे, तिला तिथले लोक हावडा ब्रिज म्हणतात. तिच्या पायथ्याशी जायचे तर ओहोटी हवी, आणि ओहोटी जितकी मोठी तितके खडकांतल्या डबक्यांमधले जीव अधिक दिसतात. पौर्णिमा जवळ आली की समुद्राला उधाण येते, भरती मोठी होते तशी ओहोटीही मोठी होते. माघी पौर्णिमा १ फेब्रुवारीला आहे. म्हणजे दोघे तेथे असतील ते दिवस शुद्ध नवमी-दशमीपासून पुढचे, चंद्र रोज भरत जाणारा आणि ओहोटीचे पाणी रोज थोडे अधिक मागे सरणारे. प्रवाळावर पाय देऊ नये, एखादा तुकडाही उचलून आणू नये, हे मी भाचीला दोनदा बजावले; ते सजीवांचे घर आहे आणि ते बांधायला काळ लागतो.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आम्ही वगळल्या. तो रस्ता जारवा लोकांच्या राखीव अरण्यातून जातो. वाहने तांड्याने, बंदोबस्तात सोडतात आणि वाटेत छायाचित्र घेण्यास मनाई आहे. मनाई असूनही खिडकीशी सरकून माणसांना श्वापदांसारखे न्याहाळणारे प्रवासी असतात, हे जाहीर आहे. कोणाच्या घरातून अशा रीतीने जाणे आपल्या संस्कारात बसत नाही, हा माझा अभिप्राय मी दिला आणि दोघांनी तो लगेच मानला.

३१ ला श्री विजयपुरमला परत, आणि विमान मात्र २ फेब्रुवारीचे. मधला रविवार, पौर्णिमेचा, भाचीने आपल्या वहीत ‘रिकामा’ म्हणून लिहिला आहे. तो नुसता चैनीचा नाही. वारा फिरला की बेटांमधल्या बोटी रद्द होतात, आणि ज्याने बोट व विमान एकाच दिवशी गाठायचे ठरविले त्याचा सारा प्रवास त्या एका वाऱ्यावर टांगलेला राहतो. बेटांवर जाणाऱ्या प्रत्येकाने परतीच्या विमानाआधी असा एक दिवस सोडलाच पाहिजे. बोट वेळेवर आली तर तो दिवस नफ्याचा.

मुख्य भूमीकडे परतल्यावर दोनच मुक्काम. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने तंजावर, तेथे दोन रात्री. नागपूरकर भोसल्यांच्या जुन्या मुलुखातली ही मुलगी. तंजावरकर भोसल्यांचे घराणे निराळे, पण दोघांचे दैव एकच. नागपूरचे राज्य डलहौसीने १८५४ मध्ये खालसा केले, तंजावरचे १८५५ मध्ये. तेथे बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा विस्तीर्ण मराठी शिलालेख आहे, सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी दप्तरे आहेत, आणि तंजावरच्या शहाजीराजांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’, जे मराठीतील आद्य नाटकांत गणले जाते, ते याच दरबारातले. लक्ष्मी आणि नारायण यांच्या विवाहाचे. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून घरात मराठी आणि कचेरीत हिंदी असे जगत आलेल्या आमच्या माणसांना, आपली भाषा समुद्रकाठच्या तमिळ देशात दगडावर टिकून आहे हे पाहून जे वाटेल, ते मी येथे लिहिण्यापेक्षा भाचीने परत आल्यावर सांगावे. कोथिंबिरीला सांबार म्हणणाऱ्या आमच्या पोरीला तेथे सांबार म्हणून काय वाढले जाईल, हेही ती सांगेलच.

तंजावरहून ५ फेब्रुवारीला रामेश्वर. हेही बेटच, पण पुलाने भूमीशी जोडलेले. १९१४ साली पांबनचा रेल्वेपूल खुला झाला तेव्हा मद्रासहून गाडी थेट धनुष्कोडीला जाई आणि पुढे बोटीने तलैमन्नार. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केली, प्रवाशांनी भरलेली आगगाडी समुद्राने गिळली, आणि ते गाव पुन्हा वसले नाही. जुन्या पुलाशेजारी नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीला, सुरू झाला, त्याचा ७२.५ मीटर लांबीचा मधला भाग जहाजांसाठी सरळ वर उचलला जातो. दोघांनी हा पूल दिवसाउजेडी ओलांडावा म्हणून मी गाडीची वेळ मुद्दाम तपासून दिली आहे.

रामेश्वरला तीन रात्री. तेथील कथा भाचीने लहानपणापासून ऐकली आहे. शिवलिंग आणण्यासाठी हनुमान कैलासाला गेला, त्याला उशीर झाला, मुहूर्त टळू नये म्हणून सीतेने वाळूचे लिंग केले आणि रामाने त्याची स्थापना केली. मग हनुमान लिंग घेऊन पोहोचला आणि खिन्न झाला, तेव्हा रामाने आज्ञा केली की त्याने आणलेल्या विश्वलिंगाची पूजा आधी होईल. आजही तेथे तोच क्रम आहे. ज्याला उशीर झाला त्याचा मान पहिला. आमच्या निजलेल्या मारुतीच्या गावाकडून निघालेल्या प्रवासाचे शेवटचे टोक म्हणून मला याहून उचित स्थान सुचले नाही.

वहीचे शेवटचे पान भाचीने मला परवा दाखविले. तेवीस दिवस, सहा मुक्काम, त्यांतला एक दिवस रिकामा. रविवारी, ८ फेब्रुवारीला, रामेश्वराहून निघायचे. चेन्नईला गाडी बदलून मंगळवारी नागपूर, आणि त्याच संध्याकाळी आरतीच्या वेळेला जामसांवली. सोबत आणायची वस्तू एकच लिहिली आहे : रामेश्वरची मूठभर वाळू, वडिलांच्या पुढच्या प्रयागयात्रेसाठी. तोपर्यंत सौंसरच्या बागेत ताण तुटून तीन आठवडे झालेले असतील आणि आंबिया फुलावर असेल.